निरोपाचं गाणं चालू असताना

१९६६ सालचा जून महिना होता. मी बावीस वर्षांची होते आणि तोवर तीन ठिकाणांहून मला नोकरीवरून काढलेलं होतं.

टेलिफोन एक्स्चेंजमधून, कारण दोन माणसं एकदम बोलायला लागली की मला दोघांचंही ऐकू येईनासं होई. खानावळीतून, कारण एका गिऱ्हाइकाने "आज सूप कसं झालंय?" असं विचारलं आणि मी "कालचंच आहे" म्हणून सांगितलं. आणि पीचची फळं डब्यांत भरायच्या कारखान्यातून, कारण यंत्रांचा आवाज असह्य झाला की मी कानांवर हात ठेवी, आणि फळं पट्ट्यावरून धबाधब खाली पडत.

"व्हेल्डा, ही शेवटची," वडील ट्रक चालवता चालवता म्हणाले. "इथूनही परत आलीस तर थोरा आत्याकडे जायचं. तिला तशीही सोबत हवीय."

थोरा आत्या वाईट नव्हती. पण तिच्याकडे रेडिओ सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत चालू असे, आणि ती त्याच्यावर आवाज चढवून बोलत असे. एकदा मी तिच्याकडे आठवडाभर राहिले होते आणि परत आले ती तापाने फणफणून. त्या घरात जन्म काढायचा या विचाराचीच मला भीती वाटे. ती भीती घेऊनच मी रेड रिम लॉजच्या पायऱ्या चढले.

लॉज लाल कड्यांच्या कुशीत होतं. मधोमध जेवणाचा मोठा हॉल, मागे पाइनच्या झाडांत विखुरलेल्या लाकडी केबिन, आणि समोर लॉज चालवणाऱ्या कंपनीच्या पिवळ्या बसगाड्या. मुलींची नेमणूक मिसेस हॅमलिन करत. उंच, करड्या केसांच्या, आणि इस्त्री केलेल्या कापडासारख्या ताठ.

"बोलताना माणसाकडे बघावं, मुली."

मी त्यांच्या भुवयांकडे बघितलं. ही युक्ती मला आईने शिकवली होती.

"इथे काम का करायचंय?"

"चादरीचे कोपरे दुमडायला मला आवडतं," मी म्हटलं. "आणि थोरा आत्याकडे जायचं नाहीये."

त्यांनी पेन खाली ठेवलं. बहुतेक नाहीच म्हणणार होत्या. पण त्याच आठवड्यात दोन मुली लग्न ठरलं म्हणून सोडून गेल्या होत्या.

"चोवीस जुलैपर्यंत बघते," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी राहायचं की जायचं ते सांगेन."

चोवीस जुलै हा आमच्या युटा राज्यातला सगळ्यात मोठा सण, आमचे पूर्वज या खोऱ्यांत येऊन पोचले तो दिवस. लहानपणापासून मी त्याची वाट बघत असे. त्या वर्षी पहिल्यांदा त्याची भीती वाटली.

केबिन आवरायचं काम मला पहिल्याच दिवशी जमलं. जमलं नाही ते गाणं.

आमच्या लॉजचा रिवाज असा होता की सकाळी पाहुण्यांची बस निघाली की सगळ्या नोकरमाणसांनी हातातलं काम टाकून पायऱ्यांवर उभं राहायचं. वाढपी, भांडी घासणारे, आम्ही केबिनच्या मुली, सगळे. मग टाळ्या वाजवत निरोपाची गाणी म्हणायची, पाहुण्यांचे हात हातात घ्यायचे, बस वळणापलीकडे जाईपर्यंत हात हलवायचे. पाहुण्या बायका रडत. पुरुष उगाच चष्मे पुसत. कंपनीच्या जाहिरातीत याच गाण्याचा फोटो असे.

पहिल्या सकाळी गाणं सुरू झालं. शेजारून, मागून, वरून आवाज आले. टाळ्या. त्यात बसचं इंजिन. माझ्या डोळ्यांसमोर पांढरं पांढरं व्हायला लागलं आणि मी पळाले. कुठे ते कळत नव्हतं. शेजारी दुसरी बस रिकामी उभी होती. मी तिच्यात शिरले, दार ओढून घेतलं आणि पहिल्याच सीटवर डोकं गुडघ्यांत घालून बसले.

"ही बस आज कुठेही जात नाही हं," आवाज आला.

ड्रायव्हरच्या सीटवर एक तरुण बसला होता. उकडलेलं अंडं सोलत होता. डोक्यावर कंपनीची टोपी, कान थोडे पुढे आलेले.

"मला कुठे जायचंच नाहीये," मी म्हटलं.

"मग अगदी योग्य गाडी निवडलीत. पण बसायचं भाडं पडेल."

मी खिसे चाचपले. "माझं पाकीट खोलीत आहे..."

"पैसे कोण मागतंय? नाव सांगा, झालं."

"व्हेल्डा सोरेन्सन."

"कुठले सोरेन्सन? सॅनपीटचे? म्हणजे अर्धं खोरं तुमचं नातलग!"

"अर्धं नाही," मी म्हटलं, आणि कोण नातलग आणि कोण नुसतेच आडनावबंधू ते सांगायला लागले. तो मध्येच तोडेल असं वाटलं होतं. लोक तोडतात. तो अंडं सोलायचं थांबून ऐकत राहिला. शेवटी त्याने अंड्याचे दोन भाग केले, एकावर मीठ भुरभुरलं आणि माझ्यापुढे धरला.

"ऑरिन लेव्हिट," तो म्हणाला. "माझे नातलग कमी आहेत. सांगायला वेळ लागणार नाही."

बाहेर गाणं संपलं होतं. मला ते कळलंही नव्हतं.

"ऑरिन लेव्हिट?" माझ्या खोलीतली लारे संध्याकाळी केसांना कर्लर लावता लावता म्हणाली. "ए बाई, जपून. तो सगळ्यांशीच असं गोड बोलतो. दिव्याच्या खांबाशीसुद्धा बोलेल."

"का? खांब उत्तर देतो का?"

लारेने माझ्याकडे आरशातून बघितलं. "तू थट्टा करतेयस की खरंच विचारतेयस?"

"खरंच."

"अरे देवा," ती म्हणाली आणि पलंगावर आडवी होऊन हसली. पण लारे मनाने चांगली होती. हसून झाल्यावर तिने कापसाचे दोन बोळे करून दिले. "उद्या कानांत घाल आणि माझ्या मागे उभी राहा. नुसते ओठ हलव. हॅमलिनबाई रोज नजर फिरवतात. दिसली नाहीस तर चोवीस जुलै विसर."

दुसऱ्या दिवशी मी कापूस घालून उभी राहिले. ओठ हलवले. अर्ध्या गाण्यापर्यंत निभलंही. मग ओहायोच्या एका आजीबाईंनी मला घट्ट मिठी मारली, त्यांच्या पावडरचा वास नाकात गेला, टाळ्या कापसातून आत शिरल्या, आणि मी पुन्हा पळाले. या वेळी केबिनकडे. तिथे शांत होतं. पहिल्याच केबिनचं दार उघडं होतं. पाहुणे गेलेले, पलंग विस्कटलेला, आणि खिडकीत पाण्याच्या पेल्यात एक कवळी.

ओहायोच्या आजीबाई. मिठी मारताना त्यांचे ओठ आत गेलेले होते, ते मला आठवलं.

मी पेला उचलून धावले. गाणं शेवटच्या कडव्यावर आलं होतं, सगळ्यांच्या नजरा बसच्या दाराकडे. मी बसला मागून वळसा घालून ड्रायव्हरच्या खिडकीखाली पोचले. खिडकीत ऑरिन होता. आज पाळी त्याची होती.

"कवळी," मी धापा टाकत म्हटलं.

"कुणाची?"

"जिला दात नाहीत तिची."

तो असा हसला की त्याचं कोपर भोंग्यावर पडलं. पायऱ्यांवरच्या सगळ्यांना वाटलं, निघायची खूण झाली.

त्या लॉजची गंमत अशी होती की पाहुणे रोज काही ना काही विसरत. चष्मे, औषधं, लहान मुलांची अस्वलं, तोंड धुताना काढून ठेवलेल्या लग्नाच्या अंगठ्या. आणि ते निघत तेव्हा लॉजमधला प्रत्येक माणूस पायऱ्यांवर उभा राहून गात असे. केबिनमध्ये पाऊल पडे ते बस गेल्यावर. मग मिसेस हॅमलिन स्वतः गाडी काढून बसमागे धूळ उडवत जात. वर्षानुवर्षं हे चाललं होतं. पाऊस पडतो तसे पाहुणे विसरतात, असंच सगळे समजत. आपण गात असतो म्हणून हे होतं, हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. माझ्याही आलं नव्हतं. मी फक्त गाण्यापासून पळत होते, आणि पळून जायला केबिनच होत्या.

मग रोज सकाळी मी पायऱ्यांवर पहिल्या ओळीपुरती दिसत असे, मिसेस हॅमलिनची नजर फिरून गेली की मागे सरके, आणि केबिनवर फेरी मारून खिडकीखाली पोचे. ज्या दिवशी बस ऑरिनची नसे त्या दिवशी मी वस्तू देऊन मुकाट परत येई. ज्या दिवशी असे त्या दिवशी...

"आज काय आणलंत?"

"एक चप्पल."

"एकच? म्हणजे पाहुणा लंगडी घालत बसमध्ये चढलाय?"

"नाही. त्याने बूट घातलेत. मी बघितलं."

"तुम्ही सगळं बघता." तो चप्पल घेई, आणि त्याची बोटं गरजेपेक्षा किंचित जास्त वेळ माझ्या बोटांजवळ थांबत. मला कुणाचा स्पर्श सहन होत नसे. हा मात्र मी संध्याकाळपर्यंत आठवत बसे... आणि मग भीती वाटे. कारण लारेने सांगितलं होतं, तो खांबाशीही असाच बोलेल.

जुलैच्या सुरुवातीला एका दुपारी वादळ आलं. आमच्याकडे पाऊस असा येतो की आधी वास येतो, ओल्या सेजच्या झुडपांचा कडवट वास, मग कडा काळा पडतो आणि एकदम आभाळ ओततं. मी धुलाईघराच्या ओसरीवर अडकले. ऑरिन डोक्यावर बसच्या सीटची गादी धरून धावत आला आणि माझ्या शेजारी उभा राहिला. कड्यावरून लाल पाण्याच्या धारा लागल्या होत्या.

"कंपनीने खास तुमच्यासाठी मागवलेत हे धबधबे," तो म्हणाला.

मी विचार केला. "कंपनीला पाऊस मागवता येत नाही."

"व्हेल्डा, तुम्ही हसला नाहीत ना, की मला वाटतं माझी बस घाटात घसरली."

तेव्हा मी सांगितलं. पावसाकडे बघत सांगितलं, म्हणून सांगता आलं. "मला कळत नाही. लोक थट्टा कधी करतात आणि खरं कधी बोलतात, ते मला चेहऱ्यावरून समजत नाही. सगळे हसले की मी हसते, पण मागून. तुम्ही बोलता ते मला आवडतं आणि मग खोलीवर जाऊन मी रडते, कारण त्यातलं खरं कुठलं ते मला माहीत नसतं."

त्याने टोपी काढून झटकली आणि पुन्हा घातली. मला वाटलं, झालं. संपलं.

"असं करू या," तो म्हणाला. "थट्टा केली की मी टोपीला हात लावेन. नाही लावला तर खरं."

"नेहमी?"

"नेहमी. करून बघू. आज जेवायला बटाटे आहेत."

टोपीला हात लागला नाही. जेवायला बटाटेच होते.

"मी पुढल्या वर्षी राज्यपाल होणार आहे." हात टोपीला.

मी हसले. या वेळी मागून नाही, स्वतःहून. तो पावसात हात पुढे धरून उभा राहिला, मग हात गुडघ्याला पुसून म्हणाला, "तुमचे केस ओले झाले की तांब्यासारखे दिसतात."

मी टोपीकडे बघत राहिले. हात वर गेला नाही.

काळजी मात्र त्याने कमी झाली नाही, वाढलीच. आता गमवायला काहीतरी होतं. आणि चोवीस जुलै जवळ येत होता.

त्या दिवशी सकाळपासून पायऱ्यांवर झेंडे लावलेले होते. लॉजचे मॅनेजर मिस्टर ब्रिंकरहॉफ निळा सूट घालून खाली आले होते. एरवी ते ऑफिसातून बाहेर पडत नसत. निरोपाचं गाणं सुरू झालं, मी मागे सरकले, एका केबिनमध्ये गादीखाली चष्मा सापडला, तो घेऊन खिडकीखाली पोचले. ऑरिनने चष्म्यासकट माझा हात धरला.

"आज काय सांगतात ते सांगायला या हं," तो म्हणाला. "मी संध्याकाळी परत येतोय."

तेवढ्यात बसच्या पुढून मिस्टर ब्रिंकरहॉफ वळसा घालून आले.

ऑफिसात मला बसायला सांगितलं नाही. मिसेस हॅमलिन खिडकीशी उभ्या होत्या.

"ड्रायव्हरने कामाच्या वेळी मुलींशी बोलायचं नाही, हा नियम आहे," मिस्टर ब्रिंकरहॉफ म्हणाले. "गाण्याला सगळ्यांनी हजर राहायचं, हाही नियम आहे. ही मुलगी एकाच वेळी दोन्ही मोडते. मी जेवणघरात विचारलं. रोज जाते म्हणे."

"त्याला भेटायला जातेस?" मिसेस हॅमलिननी विचारलं.

लारेने शिकवलं होतं, असं काही विचारलं तर नाही म्हण. पण मला नाही म्हणता येईना. "राहिलेल्या वस्तू द्यायला जाते," मी म्हटलं. "आणि त्याला बघायलाही. दोन्ही खरं आहे."

"कसल्या वस्तू?"

"आज चष्मा. काल अंगठी. त्याच्या आधी एक चप्पल, एक अस्वल... सुरुवातीला कवळी."

मिसेस हॅमलिन खिडकीपासून वळल्या. "मिस्टर ब्रिंकरहॉफ," त्या सावकाश म्हणाल्या, "या उन्हाळ्यात मला एकदाही बसमागे गाडी पळवावी लागली नाही. मला वाटत होतं, पाहुणे सुधारले."

"ते असू दे. पण गाणं सगळ्यांनी म्हणायचं असतं."

"का?"

"का म्हणजे? नेहमी म्हणतात म्हणून."

"तेच विचारतेय मी. सगळे गात उभे राहतात आणि मागे लोकांचे दात राहतात. इतकी वर्षं मीही गात होते, माझ्याही लक्षात आलं नाही." त्यांनी माझ्याकडे बघितलं. भुवयांकडे नाही, डोळ्यांकडेही नाही, माझ्या हातांकडे. "तुला गाण्याचा त्रास होतो ना? मला आधी का नाही सांगितलंस?"

"सांगितलं तर काढतात," मी म्हटलं.

मिसेस हॅमलिन मिस्टर ब्रिंकरहॉफकडे वळल्या.

"ही राहील," मिसेस हॅमलिन म्हणाल्या. "गाण्याच्या वेळी केबिनची शेवटची फेरी हिची. हे हिचं काम. माझ्याकडून ठरलं."

मिस्टर ब्रिंकरहॉफनी कपाळ पुसलं. "मग ड्रायव्हर इथे राहणार नाही. एखादा तरी नियम माझा राहू द्या, बाई."

मला नोकरी मिळाली होती. थोरा आत्याचा रेडिओ कायमचा बंद झाला होता. आणि मी खिडकीबाहेर, बस गेली त्या वळणाकडे बघत होते.

ऑरिनला कंपनीच्या दुसऱ्या लॉजवर पाठवलं, कड्यापलीकडे, अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. दुसऱ्याच दिवशी भर दुपारी त्याची बस निघाली. निरोप द्यायला गाणं नव्हतं. मीच होते, हातात धुतलेल्या उशांच्या खोळी. बस हलली, आणि त्याने खिडकीतून डोकं काढून ओरडून सांगितलं,

"सप्टेंबर संपला की येतो! मग लग्न करू!"

काचेवर ऊन चमकत होतं. त्याचा हात वर गेला. टोपीला? की ऊन अडवायला? की नुसता निरोपाचा? मला दिसलं नाही. धूळ खाली बसेपर्यंत मी तिथे उभी होते आणि मला काहीच माहीत नव्हतं.

"अगं, खरंच म्हणाला असेल," लारे म्हणाली. दुसऱ्या दिवशी म्हणाली, "अर्थात... ऑरिनच तो." तिसऱ्या दिवशी तिने विषयच टाळला. मी ताट तसंच परत ठेवी. फेरी मात्र चुकवली नाही. गाणं दूर पायऱ्यांवर चालू असे, मी शांत केबिनमध्ये पलंगाखाली वाकून बघे, आणि कुणाचं तरी राहिलेलं काहीतरी घेऊन खिडकीखाली जाई. खिडकीत दुसराच ड्रायव्हर असे. तो "थँक यू" म्हणे आणि काच वर करी.

"तुझे कोपरे वाकडे यायला लागलेत," मिसेस हॅमलिन एका सकाळी म्हणाल्या. माझ्या चादरीचे कोपरे कधी वाकडे येत नसत. मी त्यांना सगळं सांगितलं. टोपीचंसुद्धा.

"मग विचार ना त्याला."

"असं विचारतात?"

"मला काय माहीत? मी मिस्टर हॅमलिनना कधीच काही विचारलं नाही, आणि बघ, एकटीच राहिले." त्यांनी वाकडा कोपरा उलगडून पुन्हा नीट दुमडला. "आज मध्यरात्री धुण्याचा ट्रक तिकडे निघतोय. आत गाठोड्यांमध्ये बसलीस तर आवाज कमी लागेल. एक दिवस तुझ्या केबिन मी करते."

धुण्याच्या गाठोड्यांमध्ये बसून मी तो घाट ओलांडला. साबणाचा वास, अंधार, आणि खाली गडगडणारी चाकं. उत्तर "थट्टा होती" असं आलं तर याच गाठोड्यांमध्ये बसून परत यायचं होतं. न विचारता राहिलं तर निदान आशा तरी होती. दोनदा मला वाटलं, ट्रक थांबवायला सांगावं. सांगितलं नाही, कारण ट्रकवाल्याला ऐकू गेलं नसतं.

पोचलो तेव्हा तिथल्या पायऱ्यांवर तेच चालू होतं. गाणं, टाळ्या, रुमाल. पिवळी बस. सकाळची थंडी होती, सगळ्यांच्या तोंडातून वाफा निघत होत्या. बसला मागून वळसा घालायला जागा नव्हती, एका बाजूला लाकडांची रास होती. जायचं तर गाणाऱ्यांच्या मधूनच.

मी कानांवर हात घट्ट दाबले आणि चालायला लागले. कुणाचा तरी खांदा लागला. कुणीतरी हसत माझा हात धरू पाहिला. मी फक्त ती खिडकी बघत होते. खिडकीखाली पोचले तेव्हा ऑरिनचा चेहरा पांढरा पडला होता.

"व्हेल्डा! काय झालं? घरी पाठवलं तुम्हाला?"

"तुम्ही म्हणालात, लग्न करू. ते थट्टेत म्हणालात की खरं? मला टोपी दिसली नाही."

त्याने इंजिन बंद केलं. ड्रायव्हरने गाण्याच्या मध्ये इंजिन बंद केल्याचं कुणी कधी ऐकलं नव्हतं. गाणाऱ्यांचा सूर विस्कटला, मग एकेक जण गप्प झाला.

"सप्टेंबर तेवढा थट्टेत होता," तो म्हणाला. आवाज फाटला होता. "मी या रविवारी येणार होतो. सुट्टीसाठी रोज भांडतोय इथे. सप्टेंबरपर्यंत मला धीर निघाला नसता."

"आणि बाकीचं?"

"बाकीचं सगळं खरं."

"मला तुम्ही आवडता," मी म्हटलं. "इतके की जेवण जात नाही. यापुढे काय करायचं असतं ते मला माहीत नाही."

"मलाही नाही गं," तो म्हणाला. पहिल्यांदाच 'गं' म्हणाला. "म्हणून तर सारखी थट्टा करत असतो."

बसमधल्या पाहुण्यांनी खिडक्या खाली केलेल्या होत्या. कुणीतरी टाळी वाजवली, मग दुसऱ्याने, आणि माझे हात पुन्हा कानांकडे गेले. ऑरिनने बसचा माइक उचलला.

"मंडळी," तो म्हणाला, "टाळ्या नकोत. हिला त्रास होतो. आनंद झाला असेल तर आवाज न करता दाखवा."

सगळी बस शांत झाली. मग एका खिडकीतून रुमाल बाहेर आला, दुसरीतून हॅट, तिसरीतून एका लहान मुलाचे दोन्ही हात. पायऱ्यांवरच्या मुलींनी ॲप्रन सोडून हवेत धरले. एवढी माणसं, एवढा आनंद, आणि फक्त कापडांची फडफड. मी कानांवरचे हात काढले आणि त्याच्या खिडकीच्या कडेला धरलं.

सप्टेंबर संपायच्या आतच आमचं लग्न झालं. मिस्टर ब्रिंकरहॉफनी ऑरिनला परत आमच्या मार्गावर घेतलं. नवरा-बायको खिडकीतून बोलत नाहीत, त्यामुळे नियमाला बाधा येत नाही, असं त्यांचं म्हणणं पडलं. यात ते चुकले, पण त्यांना कुणी सांगितलं नाही. पुढे ते कंपनीच्या मोठ्या ऑफिसात गेले आणि निवृत्तीनंतर दरवर्षी आमच्याकडे पाहुणे म्हणून येत. दर वेळी काहीतरी विसरून जात.

लारेने नेवाडातल्या एका दंतवैद्याशी लग्न केलं. पाच मुलं झाली. अजून तिचा फोन येतो, आणि अजून ती मला आधी सांगते, "आता थट्टा करतेय हं." मिसेस हॅमलिन लॉजमध्येच राहिल्या, गुडघे साथ देईनासे झाले तोवर. जाताना त्यांनी माझं नाव आपल्या जागेवर सुचवलं. निरोपाची गाणी सत्तरच्या दशकात, कंपनी विकली गेली तेव्हा बंद पडली. शेवटची फेरी मात्र चालू राहिली.

मुलींची नेमणूक पुढे तीस वर्षं मी केली. टेबलापलीकडे बसवून मी कुणाला काही विचारलं नाही. मुलगी असो की मुलगा, आम्ही एक केबिन गाठायचो आणि दोघं मिळून पलंग करायचो, चादरीचं एक टोक त्यांच्या हातात, एक माझ्या. बघायचं ते चादरीकडे, त्यामुळे बोलायला सोपं जाई. काही जण भरभर बोलत, काहींना शब्द सापडायला वेळ लागे, एक मुलगा तर पहिला आठवडाभर काहीच बोलला नाही आणि नंतर बावीस वर्षं माझ्या हाताखाली टिकला. कामाला लागण्याआधी मी प्रत्येकाला एकच विचारी, "इथलं काय तुला सोसणार नाही ते आत्ताच सांग, म्हणजे आपण काहीतरी करू." विचारल्यावर लोक सांगतात. मागे राज्याच्या पर्यटन खात्यातून एक हुशार मुलगी आम्हा हॉटेलवाल्यांना शिकवायला आली होती. तिने पडद्यावर चित्रं दाखवली आणि न्यूरोडायव्हर्सिटी असा शब्द सांगितला. माणसांची मनं वेगवेगळ्या घडणीची असतात आणि कामाच्या जागेने त्या सगळ्यांना सामावून घ्यावं, असा अर्थ. मला शब्द आवडला. थोडा लांब आहे.

माझ्या घडणीला डॉक्टरांनी नाव दिलं तेव्हा मी साठीच्या पुढे होते. नातीला तपासायला नेलं होतं, आणि डॉक्टर तिच्याविषयी जे जे विचारत होते त्याला मीच "हो, माझंही तसंच" म्हणत होते. ऑरिन शेजारी बसून हसू दाबत होता. घरी येताना म्हणाला, "म्हणजे एवढी वर्षं डॉक्टरांना जे माहीत नव्हतं ते मला माहीत होतं."

ऑरिनला जाऊन आता सहा वर्षं झाली. हृदयाचं दुखणं होतं. फार त्रास झाला नाही.

ती नात, मार्वा, गेल्या उन्हाळ्यापासून लॉजमध्ये काम करते. शेवटची फेरी तिच्याकडे आहे. काम संपवून दुपारी ती माझ्याकडे येते, बूट काढते आणि ओसरीवर माझ्या शेजारच्या खुर्चीत बसते. तास-दीड तास आम्ही दोघी समोरच्या कड्याकडे बघत बसतो आणि एक शब्द बोलत नाही. मग ती उठते, "छान झालं आज," म्हणते, आणि घरी जाते.